सोडली की सुटली

आमच्या शाळेत इंग्रजीचे सर रजेवर असले की त्यांचा तास बहुतेक वेळा माझ्या वाट्याला येतो. मी उर्दू आणि मराठी शिकवते. इंग्रजी बी.एड.पुरतं केलं, पुढे पोटापुरतं. ऑफ तासाला मी इंग्रजीचा धडा काढत नाही, एखादा सोपा शब्द घेते आणि त्याला तिन्ही भाषांत फिरवते. मुलांना गंमत वाटते, माझीही बाजू सांभाळली जाते.

गेल्या महिन्यात आठवीवर असाच तास लागला. सर रजेवर, म्हणजे लीव्हवर, म्हणून शब्द घेतला ‘लीव्ह’. वाटलं, सोपा आहे, दहा मिनिटांत उरकेल. मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. “मॅडम, लीव्ह म्हणजे सोडणे ना? मग सिक लीव्ह म्हणजे काय, आजारपण सोडणे?” वर्ग हसला. मीही हसले. पण उत्तर द्यायला गेले तेव्हा कळलं की प्रश्न हसण्यासारखा नव्हता.

मग फळा भरत गेला. सर लेफ्ट द रूम, सर वर्गातून गेले. आय लेफ्ट माय बुक ॲट होम, पुस्तक घरी राहिलं. लीव्ह इट, राहू दे. लीव्ह इट टू मी, माझ्यावर सोपव. लीव्ह मी अलोन, हे तर सगळ्यांना पाठ होतं, सिनेमामुळे. टेन मायनस सिक्स लीव्ह्ज फोर, चार उरले. एकानं झाडाची पानं आणली. ती वेगळी, म्हटलं, ती ‘लीफ’ची पोरं. जाणं, राहणं, उरणं, ठेवणं, सोडणं, सोपवणं, सगळ्याला एकच शब्द. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “स्कूल लिव्हिंग सर्टिफिकेट.” तेवढ्यात घंटा झाली. तो शब्द मी फळ्यावर लिहिला नाही. घंटा झाली नसती तरी लिहिला असता की नाही, सांगता येत नाही. त्याच्याकडे नंतर येते.

या शब्दाशी आमच्या मुलांचं पहिलं भांडण स्पेलिंगचं असतं. ‘माय सेल्फ’ निबंधात दरवर्षी चार-पाच जण तरी लिहितात, ‘आय लीव्ह इन’ आणि पुढे गावाचं नाव. म्हणजे मी राहतो म्हणायचं असतं आणि निघालो म्हणून बसतात. इंग्रजीचे सर वैतागतात. मी नाही वैतागत. आमच्या मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावात राहणारी निम्मी पोरं मोठी झाली की पुणे, भिवंडी, हैदराबाद धरतातच. राहण्यात निघणं आलंच.

माझे अब्बा एसटीत कंडक्टर होते. घरात दखनी, गाडीत मराठी. मराठी क्रियापदं मी शाळेच्या आधी डेपोत शिकले म्हटलं तरी चालेल. “गाडी कधी सुटणार?” हा प्रश्न त्यांना दिवसातून शंभर वेळा विचारला जायचा. गाडी सुटते. दोरी दोनदा ओढली, टणटण झालं, की सुटली. पण “मी गाडी सोडली” म्हणालो तर अर्थ उलटा, गाडी आली होती, गर्दी होती, मी चढलो नाही. आणि आमच्या दखनीत “गाडी छूट गई” म्हणजे माझी गाडी चुकली. आमच्या वर्गातली मुलं उशिरा येतात आणि मराठीत सांगतात, “मॅडम, माझी बस सुटली.” शेजारच्या मराठी शाळेतल्या बाईंना वाटेल, बस सुटली तर मग पोहोचायला हवा होता की! त्याला म्हणायचं असतं, चुकली. तोच शब्द, नात्यातलाच, पण एका घरात गाडीबरोबर माणूस जातो आणि दुसऱ्या घरात माणूस धूळ बघत उभा राहतो.

सोडण्यावरून आमच्या घरी एकदा चांगलीच पंचाईत झाली होती. मी सातवी-आठवीत असेन. रमजानचे दिवस, मगरिबची अजान नुकतीच झालेली. समोरच्या काकू दारातून म्हणाल्या, “काय गं, रोजा सोडलास का?” त्या प्रेमानंच विचारत होत्या. त्यांच्याकडे एकादशी दुसऱ्या दिवशी सोडतात, सोमवार संध्याकाळी सोडतात. सोडणं म्हणजे पूर्ण करून जेवणं. अम्मीला मराठी जेमतेम. तिच्या कानाला ‘रोजा छोडना’ म्हणजे रोजा बुडवणं. ती आतून धावत आली आणि काकूंना म्हणाली, “नै नै, बच्ची पूरे रोजे रखती!” काकूंना वाटलं, मुलीनं अजून काही खाल्लं नाही. त्यांनी लगबगीनं केळी आणून दिली. दोघींचा गैरसमज अब्बा ड्यूटीवरून आल्यावर मिटला. तोवर मी तीन केळी खाल्ली होती.

त्या ऑफ तासानंतर घरी आल्यावर मी कोश काढून बसले. तेव्हा कळलं की इंग्रजीतले लीव्ह मुळात दोन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. क्रियापद आहे त्याचा जुन्या इंग्रजीतला अर्थ ‘मागे राहू देणे’. निघून जाणे हा अर्थ नंतर आला. मागे काहीतरी ठेवलं म्हणजे आपण पुढे गेलो असणारच, अशा वाटेनं. ज्या मुळातून तो आला त्याच मुळातलं जर्मन भाषेतलं भावंड आजही ‘राहणे’ या अर्थानं वापरतात. म्हणजे ‘आय लीव्ह इन’ लिहिणाऱ्या आमच्या मुलांची चूक अगदीच परक्या घरातली नाही.

दुसरा लीव्ह नाम आहे, रजेचा. त्याचा मूळ अर्थ परवानगी. काळाच्या ओघात दोघांचं रूप सारखं झालं, इतकंच. सिक लीव्ह म्हणजे आजारपणासाठी परवानगी. मागच्या बाकावरच्या मुलाला दुसऱ्या दिवशी हे सांगितलं. तो “अच्छा” म्हणाला, आणि लगेच विचारलं, “तर मग रजा म्हणजे?”

आता ही गोष्ट मला वीस वर्षं मराठी शिकवून कधी सुचली नव्हती. रजा! अरबीतून फारसी वाटेनं आलेला शब्द. उर्दूत आपण ‘रज़ा’ म्हणतो तेव्हा सुट्टी डोक्यात नसते. रज़ा म्हणजे संमती, खुशी. रज़ामंदी. अल्लाह की रज़ा. राजी होणे. मराठीनं त्या संमतीतून सुट्टी काढली, जशी इंग्रजीनं आपल्या परवानगीतून काढली. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, एकाच रस्त्यानं गेल्या. भाषणाच्या शेवटी वक्ते म्हणतात ना, “आता मी आपली रजा घेतो”, तिथे ती जुनी संमती अजून शिल्लक आहे. इंग्रजीतही निरोप घेताना लीव्ह घेतात. आमच्याकडे म्हणतात, “अच्छा, इजाजत दीजिए.” राजीनामाही याच कुळातला. राजी असल्याचा कागद. उर्दूत राजीनामा म्हणजे दोन पक्षांत झालेली तडजोड. नोकरी सोडण्याला तिकडे इस्तिफा म्हणतात. त्यामुळे मराठी बातमीतला ‘मंत्र्याचा राजीनामा’ वाचून माझ्या एका चुलत आज्यांना वाटायचं, चला, भांडण मिटलं.

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ हे पुस्तक आमच्या धंद्यात सगळ्यांना तोंडओळखीचं असतं. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. नवीन लागले तेव्हा मला हे वाचून राग आला होता. शब्दाचं मूळ कळल्यावर कळलं, नियम करणाऱ्यांनी शब्दाला धरूनच लिहिलंय. परवानगी हक्क कशी असेल? अब्बांना मात्र हे आधीच माहीत असावं. निवृत्तीनंतर ते आजारी असायचे. मी फोनवर म्हणायचे, “रजा मिळाली तर शनिवारी येते.” ते विचारायचे, “किसकी रज़ा? साहब की या अल्ला की?” आणि खोकत हसायचे. २०१६ च्या डिसेंबरात अर्ज मंजूर होऊन माझ्या पर्समध्ये होता, तीन दिवसांची किरकोळ रजा, सोमवारपासून. ते रविवारी पहाटे गेले.

मराठी वर्तमानपत्रात बातमी आली. एसटीतल्या त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी दिली होती. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, दोन मुली, नातवंडे असा परिवार आहे.’ उर्दू पेपरात ‘पसमांदगान में’ असं यायचं, म्हणजे मागे राहिलेले. इंग्रजीत तर सरळ क्रियापदच, ही लीव्ह्ज. तो सोडून जातो, मागे ठेवतो, उरवतो, सगळं एकदम. त्या दिवसांत मला काही सुचत नव्हतं, पण मास्तरकीची सवय, मी तिन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघत बसले होते. मराठी ‘पश्चात’मध्ये माणूस पुढे चालत गेलेला दिसतो. ‘पसमांदगान’मध्ये दिसतो आम्ही. अब्बांचा तरका काय होता? तरका म्हणजे मयताची मागे राहिलेली मालमत्ता, अरबीतल्या ‘तरक’, सोडणे, यातूनच आलेला शब्द. एक दोन खोल्यांचं घर, थोडा पीएफ, एक घड्याळ. भावानं हिस्से शरियतप्रमाणे केले, कुरबूर न होता. घड्याळ माझ्याकडे आलं.

या ‘तर्क’नं मला वर्गात फार छळलंय. उर्दूत तर्क करना म्हणजे सोडून देणं. सिगारेट तर्क केली, म्हणजे सोडली. मराठीत तर्क म्हणजे अनुमान, विचाराची पायरी. हा संस्कृतातला, तो अरबीतला, चेहरा जुळ्यांचा. उर्दू पेपरात शिक्षणाच्या गळतीला ‘तर्के तालीम’ म्हणतात. देवनागरीत लिहिलं की एखाद्या मराठी वाचकाला वाटावं, वा, शिक्षणातली तर्कशुद्धता!

कोशात लीव्हच्या खाली समानार्थी शब्दांची रांग होती. ती सगळी वर्गाला सांगण्यात अर्थ नाही, पण दोन-तीन शब्दांवर मी अडले. डिपार्ट सोपा, रेल्वे स्टेशनवरचा. गाड्या डिपार्ट होतात, माणसं ‘डिपार्टेड’ झाली की संपलीच. क्विट म्हणजे सोडून चालतं होणं. मुंबईत ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवर ठराव झाला, त्या ‘क्विट इंडिया’ शब्दांचं श्रेय मुंबईचे तेव्हाचे महापौर युसूफ मेहेरअली यांना दिलं जातं. हे मी आठवीला आवर्जून सांगते, आणि सांगताना मुलांच्या माना जरा ताठ होतात, ते मला दिसतं. हिंदीनं त्याचं ‘भारत छोडो’ केलं. मराठीत ‘चले जाव’ जास्त रुळलं. ‘छोडो’त पकड सैल करायला सांगितलंय, ‘चले जाव’त दार दाखवलंय. मला ‘चले जाव’ जास्त आवडतं.

अबँडन आणि डेझर्ट हे दोन शब्द मात्र मी पटकन पुढे ढकलले. माझ्या खालाला ‘छोडेली’ म्हणायचे. मराठीत सोडलेली, टाकलेली. कागदाला सोडचिठ्ठी. ‘सोडलेला’ असा पुरुष मी आमच्या मोहल्ल्यात कधी ऐकला नाही, वास्तविक दोन-तीन बायका स्वतः निघून आल्या होत्या. तलाक या शब्दाचा धातूही बंधनातून मोकळं करण्याचा आहे. खाला तशी मोकळी झालीही, शिवणकाम करून दोन मुलं शिकवली तिनं. पण मोहल्ल्याच्या व्याकरणात ती शेवटपर्यंत कर्मच राहिली. कर्ता तो, जो तिला सोडून लातूरला दुसरं घर करून बसला.

आणि हिजरत. हिजरतचं मराठी आमच्या पाठ्यपुस्तकी सवयीनं ‘स्थलांतर’ करतात. मला ते पटत नाही. स्थलांतर पक्षी करतात, ऊसतोड कामगार करतात, जनगणनेत त्याचा रकाना असतो. हिजरतच्या धातूत सोडण्याचं, तोडण्याचं दुःख आहे. आपलं सन त्या सोडण्यापासून मोजलं जातं, इसवी ६२२ पासून. पैगंबरांच्या जन्मापासून किंवा पहिल्या वहीपासून नाही, मक्का सोडल्यापासून. आणि सीरतच्या पुस्तकांत त्या रात्रीबद्दल येतं की लोकांच्या ठेवी पैगंबरांकडे होत्या, त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी हजरत अली यांना मागे ठेवलं. ज्यांनी जगणं मुश्कील केलं होतं त्यांच्यासुद्धा अमानती. हे वाचताना मला इंग्रजीच्या त्या एका क्रियापदाचा हेवा वाटतो. ही लेफ्ट मक्का, ही लेफ्ट अली बिहाइंड. सोडलं आणि ठेवलं एकाच शब्दात मावलं. आपल्याला दोन वाक्यं लागतात.

‘मागे राहिलेले’ यावरून आणखी एक शब्द, पसमांदा. फारसीत अर्थ तोच, मागे राहिलेला. १९९८ मध्ये बिहारमध्ये अली अन्वर यांनी पसमांदा मुस्लिम महाज काढला तेव्हापासून हा शब्द अन्सारी, कुरेशी, मन्सुरी अशा कष्टकरी बिरादऱ्यांसाठी राजकारणात रूढ झाला. शब्द चांगला, कामाचा. फक्त माझं शिक्षकी मन विचारतं, मागे राहिलेला की मागे ठेवलेला? राहिलेला म्हटलं की ज्याच्या पायात दम नव्हता तो डोळ्यासमोर येतो. ठेवलेला म्हटलं तर ठेवणारा कोण, हे विचारावं लागतं.

इथे आता त्या मुलीनं सांगितलेल्या शब्दाकडे यायला हवं. स्कूल लिव्हिंग सर्टिफिकेट. शाळा सोडल्याचा दाखला. एलसी.

जून २०१०. आमच्या शाळेत तेव्हा लिपिकाची जागा रिकामी होती आणि माझं अक्षर बरं, म्हणून दाखले लिहायचं काम माझ्याकडे. सातवी पास होऊन आठवीत गेलेली एक मुलगी होती. नाव सांगत नाही. मराठीत वर्गात पहिली. उर्दू माध्यमाच्या मुलीनं मराठीत ऐंशीच्या वर गुण घेणं म्हणजे काय, ते आमच्याकडचे शिक्षकच जाणोत. तिचे वडील हातगाडीवर फळं विकायचे. ते आले आणि म्हणाले, “दाखला दे दो मॅडम. भिवंडी जा रहे, वहां स्कूल में डालते.” मुलगी शेजारी उभी होती, ओढणी नवीन, डोळे जमिनीवर. तिच्या आईला तेव्हा पाचवं मूल झालं होतं आणि आई अंथरुणाला खिळली होती, हे मला माहीत होतं. भिवंडीला कोणी जाणार नाही, हेही मला माहीत होतं. शिक्षण हक्काचा कायदा त्याच वर्षी १ एप्रिलपासून लागू झाला होता. सहा ते चौदा वर्षं, मोफत आणि सक्तीचं. मुलगी तेरा वर्षांची होती. त्या कायद्याचं प्रशिक्षण मी मे महिन्यात घेऊन आले होते, चहा-बिस्किटांसकट.

मी दाखल्याचं पुस्तक काढलं. जन्मतारीख अंकी, अक्षरी. अभ्यासातील प्रगती, चांगली. वर्तणूक, चांगली. शाळा सोडल्याचा दिनांक. शाळा सोडण्याचे कारण, ‘पालकांच्या विनंतीवरून’. हे दोन शब्द आम्ही इतक्या वेळा लिहितो की हात आपोआप चालतो. मुलगी उलट्या बाजूनं वाचत होती. तिला मीच वाचायला शिकवलं होतं. ती म्हणाली, “मैं कब छोडी, मॅडम?”

मी म्हणाले, “फॉर्म छपा हुआ आता है बेटा.”

वडिलांनी सही केली, पैसे सुटे काढून दिले, शुक्रिया म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी एका लग्नासाठी किरकोळ रजेवर होते.

मराठीनं मला शब्द दिलेला होता, तो मी वापरला नाही. घंटा झाली की शाळा सुटते, तेव्हा पोरं ओरडत बाहेर पडतात. पण ‘तिची शाळा सुटली’ म्हटलं की त्यात षष्ठी येते आणि आनंद जातो. हातातून काही सुटावं तशी. उर्दूतही तसंच, स्कूल छोड दिया वेगळं, स्कूल छूट गया वेगळं. आपल्या दोन्ही भाषांना हा फरक जन्मजात कळतो, पोरींना तर फारच लवकर कळतो. दाखल्याच्या छापील मराठीला तो कळत नाही, कारण तो दाखला इंग्रजीच्या लिव्हिंगवरून उतरवलेला. तिथे जो शाळेत नाही त्यानं ती सोडलेली असते. सच्चर समितीनं नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला, त्यात आहे की सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के एकतर कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच बाहेर पडली. त्या आकड्यावर मी पुढे दोन व्याख्यानंही दिली, महिला मंडळात. आपल्या मुली शाळा का सोडतात, असा विषय होता. सोडतात! विषय मीच सुचवला होता.

ती भिवंडीला गेली नाही. बाजारात कधीमधी दिसायची, कडेवर भाऊ. मी हसायचे, ती सलाम करायची. मग लग्न झालं, दिसेनाशी झाली.

लीव्हच्या त्या तासानंतर आठेक दिवसांनी मधल्या सुट्टीत शिपाईमामा म्हणाले, “मॅडम, तुम्हाला भेटायला एक बाई आल्यात.” बुरख्यातली बाई, बरोबर दुसरीतली मुलगी. मी ओळखलं नाही. तिनं पर्समधून कागद काढला. एलसी, लॅमिनेशन केलेली, कडा पिवळ्या पडलेल्या, माझं अक्षर. तिला सतरा नंबरचा फॉर्म भरायचा होता, बाहेरून दहावीचा. आता तो ऑनलाइन भरतात, तिनं मोबाईलवर सगळं वाचून काढलं होतं, कागदपत्रांची यादी माझ्यापेक्षा तिला जास्त पाठ होती. नवरा रिक्षा चालवतो, त्यानं हरकत घेतलेली नाही, सासूनं घेतली होती, ती मिटली. मी विचारलं, आता कशासाठी? म्हणजे नोकरी वगैरे? ती म्हणाली, “अंगणवाडीत मदतनीस निघाली होती, शिक्षण विचारतात म्हणाले.” मग थोडं थांबून, “आणि हिला इंग्रजी येतं, मला नाही येत.” मुलगी सेमी-इंग्रजीला आहे. तिला कौतुक वाटत नव्हतं आईचं, ती खिडकीतून मैदान बघत होती.

तिनं जुना प्रसंग काढला नाही. तिला आठवत असेल का, माहीत नाही. कागदावर बोट ठेवून फक्त विचारलं की ऑनलाइन फॉर्ममध्ये शाळा सोडल्याची तारीख हीच टाकायची ना. मी हो म्हणाले. माफी मागायचं मनात आलं होतं. मधली सुट्टी संपली.

आता ती दर रविवारी अकराला माझ्या घरी येते. मराठी तिचं अजून माझ्यासारख्यांना लाजवेल असं आहे, गणित बेतास बात. इंग्रजीसाठी मी आमच्या सरांकडून जुनी पुस्तकं आणली आहेत. परवा तिला स्वतःवर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या. चौथी ओळ होती, ‘आय लेफ्ट स्कूल इन २०१०.’ व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर. मी लाल पेन खाली ठेवला.

“ही ओळ अशी नको,” मी म्हणाले.

“चूक आहे?”

“चूक नाही.”

मी तिला ‘हॅड टू लीव्ह’ सांगितलं. सोडावी लागली. तिनं लिहिलं, वाचलं, आणि म्हणाली, यातही ‘आय’च आहे. मग ‘माय स्कूल स्टॉप्ड’ लिहून बघितलं, तर वाटे शाळाच बंद पडली. इंग्रजीच्या सरांना फोन केला, ते जेवत होते. ते म्हणाले, ‘आय वॉज मेड टू लीव्ह’ म्हणता येईल, पण बोर्डाच्या पेपरात कशाला वाकड्यात शिरायचं, साधं ‘लेफ्ट’ लिहा, गुण मिळतील.

तिनं तिन्ही वाक्यं वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलनं लिहून घेतली आहेत. पुढच्या रविवारी प्रीपोझिशन्स घ्यायचं ठरलंय, ती ओळ तोपर्यंत रिकामी ठेवली आहे.